उजेड नीट धर

बारकूच्या घरी कुणाची हातभर शेती नव्हती, पण ट्रॅक्टर होता. तो अंगणात उभा होता, आणि तो उभा असल्यामुळे अंगणात दुसरं काहीच उभं राहू शकत नव्हतं. स्कूटर गल्लीत, कुंड्या गच्चीत आणि कपडे वाळत घालायच्या दोरीचं एक टोक ट्रॅक्टरच्या धुराड्याला. बारकूच्या वडिलांच्या, म्हणजे आप्पांच्या, वडिलांनी तो कुठल्याशा लिलावात घेतला होता. का घेतला, हे त्या घरात विचारायचं नसतं. एका आत्याने विचारलं होतं. त्यानंतर तिचं लग्न जरा घाईनेच उरकण्यात आलं, असं म्हणतात.

ट्रॅक्टर पुन्हा मूळच्यासारखा करणं हा या घराचा पिढीजात छंद. इतर घरांत लोक तिकिटं जमवतात, नाणी जमवतात. तिकिटांतून तेल गळत नाही आणि नाणी अंगणात मावतात, एवढाच काय तो फरक. आप्पांचे वडील ट्रॅक्टरखाली शिरायचे तेव्हा आप्पा कंदील धरायचे. पुढे आप्पा खाली शिरू लागले आणि हातातली बॅटरी बारकूकडे आली. नियम सोपे होते. उजेड धरणाऱ्याने हत्याराला हात लावायचा नाही, आणि हत्यार धरणाऱ्याने उजेडाबद्दल कधीही समाधान मानायचं नाही.

"उजेड नीट धर," आप्पा म्हणायचे. "हात जिथे आहे तिथे धर. तू बघतोयस तिथे नको."

बारकू बॅटरी धरायला लागला तेव्हा हाफ पँटीत होता. आता त्याची पन्नाशी उलटली होती, ढेरी सुटली होती, आणि विमा कचेरीत त्याच्या सहीशिवाय एक फाईल इकडची तिकडे होत नसे. साधी मोटारसायकल कुणाच्या अंगावरून गेली की त्याची किंमत काय, हे तो ठरवायचा. घरी मात्र बारा नंबरचा पाना जागचा हलवायची त्याला मुभा नव्हती. त्याने तक्रार केली नाही. घरात सगळ्यांत धाकटा म्हणून पडलेलं नाव वजन नव्वद किलोच्या पुढे गेल्यावरही ज्याला चिकटून राहतं, तो माणूस तक्रार कुठल्या तोंडाने करणार? त्याच्या मनात एवढंच होतं, की एकदा, फक्त एकदा, आप्पांनी हात पुढे करावा आणि त्या हातात पाना असावा.

तो हात पुढे झाला. बारकूच्या मुलीकडे.

पोरगी रसायनशास्त्राची पदवी घेऊन नुकतीच घरी आली होती. ती अंगणात आली, वाकून बघितलं आणि म्हणाली, "आजोबा, हा कार्ब्युरेटर गळतोय तो गॅस्केटमुळे नाही. त्याच्या बीडालाच, ओतीव लोखंडालाच, चीर गेलीय."

आप्पा ट्रॅक्टरखालून बाहेर आले. त्यांनी नातीकडे पाहिलं. मग पाना तिच्या हातात दिला. बारा नंबरचा. बारकूच्या हातातली बॅटरी जराशी हलली.

"बाबा, उजेड," पोरगी म्हणाली.

"त्याला सांगून उपयोग नाही," आप्पा म्हणाले.

त्या रात्री बारकू दोन घास कमी जेवला. बायकोने विचारलं तेव्हा म्हणाला, पोट ठीक नाही. बायको म्हणाली, "पोट ठीकच आहे. पाना मिळाला नाही म्हणून रुसलाय." लग्नाला इतकी वर्षं झाली की माणसाच्या दुःखालाही घरात खाजगी खोली उरत नाही.

इथे बॅटऱ्यांबद्दल थोडं सांगायला हवं, कारण त्याचा त्रास सगळ्या घराला झाला. गेल्या वर्षापासून आप्पांना एकही बॅटरी पसंत पडत नव्हती. "आजकालच्या बॅटऱ्यांना उजेडच नसतो," ते म्हणायचे. बारकूने मोठी आणली. मग त्याहून मोठी आणली. शेवटी गोदामाचा पहारेकरी वापरतो तसली, खांद्याला पट्टा असलेली आणली. ती पहिल्यांदा लावली तेव्हा समोरच्या घरातल्या आजींनी सकाळ झाली म्हणून दार उघडलं. आप्पा ट्रॅक्टरखालून म्हणाले, "लावलीस का?"

एवढ्यात अंगणात निरीक्षक आला. नगरपालिकेने बंद पडलेल्या गाड्या उचलायची मोहीम काढली होती. निरीक्षक हा बारीक आवाजाचा, इस्त्रीच्या शर्टातला तरुण होता. त्याने ट्रॅक्टरभोवती एक फेरी मारली आणि पुढच्या चाकावर लाल कागद चिकटवला. महिन्याभरात वाहन स्वतःच्या ताकदीने हलून दाखवायचं. नाही तर भंगारात.

"अहो, हा ट्रॅक्टर जुन्या वाहनांत मोडतो," बारकू कचेरीतल्या आवाजात म्हणाला. "त्याचं जतन चाललंय."

"मग तसं प्रमाणपत्र दाखवा," निरीक्षक म्हणाला.

"ते दाखवलं की झालं?"

"ते दाखवलं की मग वाहन हलतं का ते बघायचं. प्रमाणपत्र नसेल तर हललं तरी उचलायचं. एवढं जुनं वाहन प्रमाणपत्राशिवाय ठेवता येत नाही."

प्रमाणपत्र द्यायचं ते जुन्या गाड्यांच्या मंडळाने. मंडळाचे सचिव फोनवर अत्यंत सौजन्याने बोलले. त्यांचं म्हणणं एकच होतं, वाहनाचा प्रत्येक भाग मूळचा हवा. बारकूने विचारलं, चालू असायला हवं का? सचिव हसले. "चालतं का, हा प्रश्न आम्ही विचारत नाही. तुम्ही आजोबांच्या फोटोला चालतो का विचारता का?"

आता पेच असा होता की मूळचा कार्ब्युरेटर चिरलेला होता. तो लावला की ट्रॅक्टर मूळचा, पण बंद. पोरीने आणि आप्पांनी मिळून पाण्याच्या पंपाचा एक कार्ब्युरेटर बसवून पाहिला होता. तो लावला की इंजिन खोकत, शिव्या घालत, पण नक्की सुरू व्हायचं. म्हणजे ट्रॅक्टर चालू, पण मूळचा नाही. एका कागदासाठी तो जिवंत हवा होता आणि दुसऱ्यासाठी मेलेला. आपल्या कचेरीने असे नियम केले असते तर बारकूला त्यांचा अभिमान वाटला असता.

या संकटात सल्ला द्यायला शेजारचे भिंतकाका होते. अंगण लांबट होतं; एका टोकाला फाटक आणि दुसऱ्या टोकाला भिंतकाकांची भिंत. काका बांधकाम खात्यातून निवृत्त झालेले इंजिनिअर. निवृत्तीनंतर त्यांनी एकच बांधकाम केलं, ते म्हणजे ही भिंत. रोज सकाळी ते तिच्यावर हनुवटी ठेवून उभे राहत आणि बोलत. बारकूने त्यांना छातीच्या खाली कधी पाहिलं नव्हतं.

"तुम्ही चुकताय कुठे सांगू?" काका म्हणाले. "तुमचा पायाच कच्चा आहे. ही भिंत बघा. आत लोखंड आहे. रणगाडा आला तरी हलायची नाही."

"काका, प्रश्न कार्ब्युरेटरचा आहे."

"प्रश्न नेहमी पायाचाच असतो," काका म्हणाले, आणि हनुवटी बदलून ठेवली.

शेवटी पोरीने तोडगा काढला. सचिवांना सकाळी बोलवायचं, चिरलेला कार्ब्युरेटर लावून ठेवायचा. ते शिक्का मारून गेले की पंपाचा बसवायचा आणि दुपारी निरीक्षकाला इंजिन चालवून दाखवायचं. बोल्ट दोनच, नळी एक. तिचं म्हणणं तर्काला धरून होतं. बारकूने कचेरीत आयुष्य काढलं होतं. तर्काला धरून असलेल्या गोष्टींचं पुढे काय होतं हे त्याला ठाऊक होतं. पण त्याचं मत कुणी विचारलं नाही. त्याला बॅटरी चार्ज करायला सांगितलं.

ठरलेल्या दिवशी सचिव आले. पांढरे हातमोजे, खिशात भिंग. ट्रॅक्टरपाशी आल्यावर त्यांनी चप्पल काढली. मग तासभर ते नुसते बघत होते. एका ठिकाणी थबकून त्यांनी बोटाने गंज चाचपला.

"हा घासला नाहीत ना?"

"घासणार होतो," आप्पा म्हणाले.

"नका हो. हा मूळचा गंज आहे." चिरलेला कार्ब्युरेटर पाहून तर त्यांना भरून आलं. त्यांनी पिशवीतून शिक्का काढला, कागद ट्रॅक्टरच्या मडगार्डवर ठेवला आणि शिक्का मारला. कागदावर शेवटी एक ओळ होती, आजच्या स्थितीत बदल करू नये. ती सगळ्यांनी वाचली आणि सगळ्यांनी मान डोलावली.

"आता चहा घेऊ," सचिव म्हणाले. त्याच वेळी फाटक वाजलं. निरीक्षक आला होता. दुपारी त्याला दुसरीकडे जायचं होतं म्हणून त्याने मेहेरबानी करून सकाळीच उरकायचं ठरवलं होतं.

पोरगी प्रसंगावधानी. तिने सचिवांना विचारलं, "पूर्वी बदललेले जुने भाग बघायचेत का? माळ्यावर सगळे आहेत. पणजोबांनी काहीच टाकलं नाही." सचिवांचे डोळे चमकले. ती त्यांना घेऊन माळ्यावर गेली. बायकोने निरीक्षकाला ओसरीवर खुर्ची दिली, शिक्क्याचा कागद दाखवला आणि आपल्या गुडघेदुखीची हकिकत सुरुवातीपासून सांगायला घेतली. अंगणात राहिले आप्पा आणि बारकू.

"बॅटरी धर," आप्पा म्हणाले.

उन्हं चांगली वर आली होती, पण बॉनेटखाली सावली होती. बारकूने बॅटरी धरली. हात जिथे आहे तिथे धरली. आप्पांनी पाना बोल्टवर ठेवला. तो बाजूला सरकला. पुन्हा ठेवला, पुन्हा सरकला. तिसऱ्यांदा पाना हातातून सुटून खाली वाजला.

"उजेड कुठाय तुझा?"

"इथेच आहे, आप्पा. बोल्टवर."

ओसरीवर गुडघेदुखी डॉक्टर बदलण्यापर्यंत आली होती. आप्पांनी खाली हात फिरवून पाना शोधला, उभे राहिले, आणि बारकूकडे न बघता हात पुढे केला. त्या हातात पाना होता. दुसऱ्या हाताने त्यांनी बारकूच्या खांद्यावरून बॅटरी काढून घेतली.

बारकूने हा क्षण बऱ्याच वेळा मनात रंगवला होता. त्यात एवढी घाई नव्हती, आणि मागून गुडघे ऐकू येत नव्हते. पण पाना हातात होता. तो बोल्टवर बसला, आणि बोल्ट फिरला. बारकूचे हात त्याच्या आधीच कामाला लागले होते. इतकी वर्षं बघितलेलं सगळं त्यांना येत होतं. आप्पांच्या हातातली बॅटरी मात्र टायरवर, मग बारकूच्या ढेरीवर, मग आभाळात. आपण जे आयुष्यभर केलं त्याची परतफेड चाललीय, असं बारकूला वाटलं. "उजेड नीट धरा" हे शब्द ओठांवर आले होते, पण त्याने गिळले. पंपाचा कार्ब्युरेटर बसला. चिरलेला त्याने रुमालात गुंडाळून खिशात टाकला.

"आता बस वर," आप्पा म्हणाले. "हँडल मी मारतो."

या ट्रॅक्टरला पुढून लोखंडी हँडल घालून फिरवावं लागे. पण सीटवर बारकूच्या आठवणीत आप्पांशिवाय कुणी बसलं नव्हतं. बारकू चढला. वरून अंगण वेगळंच दिसत होतं. निरीक्षक खुर्ची सोडून जवळ आला. भिंतीवर हनुवटी उगवली.

"हँडलवरचा हात मोकळा सोडू नका," हनुवटी म्हणाली.

आप्पांनी हँडल मारलं. एकदा, दोनदा. तिसऱ्यांदा इंजिन खोकलं, आणि सबंध ट्रॅक्टर थरथरायला लागला. धुराड्याला बांधलेल्या दोरीवरच्या चादरी नाचू लागल्या. आप्पा बाजूला झाले. त्यांच्या चेहऱ्यावर जे होतं ते बारकूने पूर्वी पाहिलं नव्हतं.

"हातभर पुढे घ्या," निरीक्षक म्हणाला.

आता चूक काय झाली ते नीट समजून घ्यायला हवं, कारण पुढे सगळ्यांनी बारकूला मूर्ख ठरवलं, आणि तो मूर्ख नव्हता. पहिला गिअर कसा टाकायचा हे त्याला पाठ होतं. शेकडो वेळा त्याने आप्पांचा हात पाहिला होता; दांडा डावीकडे जायचा आणि मग आपल्या दिशेने यायचा. पण हे त्याने पाहिलं होतं ते ट्रॅक्टरसमोर, बॅटरी घेऊन उभं राहून. समोरच्याची डावी ती बसणाऱ्याची उजवी, आणि समोरच्याच्या दिशेने म्हणजे बसणाऱ्याच्या पुढे. बारकूचं ज्ञान संपूर्ण होतं. फक्त ते उलट्या बाजूने मिळवलेलं होतं. त्याने दांडा डावीकडे घेतला, आत्मविश्वासाने आपल्या दिशेने ओढला आणि क्लच सोडला.

ट्रॅक्टर मागे गेला.

तो फार जोरात गेला असं नाही. पण तो थांबायच्या विचारात नव्हता. बारकूने ब्रेक शोधला. तोही त्याला समोरूनच माहीत होता, त्यामुळे पाय ब्रेकवर पडायच्या ऐवजी भलत्याच ठिकाणी पडला. दोरी ताणली, तुटली, आणि बायकोची एक चादर त्याच्या डोक्यावर आली. चादरीखालून त्याला भिंतकाकांचा आवाज ऐकू आला, "काही काळजी करू नका, आत लोखंड—" आणि मग एक मऊसा, ढिसाळ आवाज झाला, पिठाचं पोतं पडावं तसा.

इंजिन बंद पडलं. बारकूने चादर काढली. भिंत नव्हती. तिथे विटांचा ढीग होता, धूळ होती, आणि त्यापलीकडे भिंतकाका उभे होते, सबंध. त्यांना पाय होते. ते पट्ट्यापट्ट्यांच्या लेंग्यात होते. ते विटांकडे बघत होते, आणि विटांत लोखंडाची एक तारही नव्हती.

निरीक्षकाने पेन काढलं. "वाहन चालू," तो लिहिता लिहिता पुटपुटला. "स्वतःच्या ताकदीने हलतं. दिशेसाठी रकाना नाही." त्याने चाकावरचा लाल कागद खरवडून काढला, नमस्कार केला आणि फाटक हळूच लावून गेला.

आवाज ऐकून सचिव माळ्यावरून खाली आले होते. त्यांच्या हातमोज्यांना कोळिष्टकं लागली होती. मागचं मडगार्ड चेपलं होतं, मागचा एक दांडा वाकला होता, आणि ज्या जागेवर त्यांनी सकाळी बोट ठेवलं होतं तिथे विटेने घासून स्वच्छ, चकचकीत पत्रा उघडा पडला होता. त्यांनी बॉनेटखाली पाहिलं. पंपाचा कार्ब्युरेटर पाहिला. ते ओरडले नाहीत; ओरडले असते तर बरं झालं असतं.

"मी शिक्का मागे घेत नाही," ते म्हणाले. "पण वर्षाने मी पुन्हा येईन. तोपर्यंत सकाळी होता तसा करून ठेवा." आणि चप्पल घालताना म्हणाले, "गंजासकट."

ट्रॅक्टर वाचला होता. म्हणजे अंगण गेलं ते गेलंच. शिवाय एक भिंत बांधायची होती, आणि स्वच्छ पत्र्यावर मूळचा गंज आणायचा होता. पोरगी म्हणाली, गंज आणता येईल, ओलावा आणि थोडं मीठ लागेल. पण हुबेहूब तोच येईल याची ती खात्री देऊ शकत नव्हती. बायकोने फाटलेली चादर उचलली, बारकूकडे पाहिलं, आणि काही न बोलता आत गेली. हे न बोलणं पुरवून पुरवून वापरलं जाणार, हे त्याला कळलं.

पण त्याचं दुःख वेगळंच होतं. पाना मिळाला होता. तो मिळून पुरता अर्धा तासही झाला नव्हता, आणि आता तो पुन्हा कधी मिळणार नाही.

आप्पा तोवर ट्रॅक्टरखाली शिरले होते. बारकू सवयीने वाकला, अंगणात पडलेली बॅटरी उचलली, लावली, आणि हात जिथे होता तिथे धरली.

"बोला, आप्पा," तो म्हणाला. "काय बोलायचं ते बोलून टाका."

"मागचा दांडा कुठे वाकलाय?" आप्पांनी विचारलं.

"तुमच्या समोरच आहे की. हाताजवळ."

आप्पांचा हात दांड्यावरून फिरला. वाकलेल्या जागेवरून गेला, पुढे गेला, परत आला.

"बारकू," आप्पा म्हणाले, "बॅटरी लावलीयस ना?"

बारकूने बॅटरीकडे पाहिलं. तिच्या उजेडात आप्पांच्या हातावरचा एकेक केस दिसत होता.

"आप्पा, तुम्हाला दिसत नाही?"

"डाव्याने तर नाहीच," आप्पा म्हणाले. "उजव्याने धुकं. वर्ष झालं असेल."

"आणि बॅटऱ्या?"

"मला वाटलं, बॅटऱ्याच वाईट येतात हल्ली. मग तू ती मोठी आणलीस. तेव्हा कळलं."

"उद्या डोळ्यांच्या डॉक्टरकडे जायचं," बारकू म्हणाला. "मी रजा टाकतो."

"आधी दांडा."

"आप्पा."

"बरं, आधी डॉक्टर. पण सरळ कर तो. मला हाताला लागतोय, बघवत नाही." त्यांनी ट्रॅक्टरखालून हात बाहेर काढला. हातात बारा नंबरचा पाना होता. "तू ये खाली. पोरगी माळ्यावरचं आवरतेय."

बारकू ढेरी सांभाळत खाली शिरला. जागा अरुंद होती आणि तेल थेट कानात गळत होतं. खालून बघितलं तर या ट्रॅक्टरचं काम पुढची पंधरा वर्षं पुरेल एवढं दिसत होतं, आणि ते सगळं आपलं आहे, हे त्याला स्वच्छ दिसत होतं. त्याच्या आजोबांना, आप्पांनाही कधीतरी असंच इथे, पाठीवर पडल्या पडल्या, ते दिसलं असणार. यातून निवृत्ती नव्हती.

"उजेड लागेल," तो म्हणाला.

पडलेल्या भिंतीवरून भिंतकाका अलीकडे आले. लेंगा झटकला. टेकायला काही नसल्यामुळे त्यांना हातांचं काय करावं ते सुचत नव्हतं. त्यांनी बॅटरी उचलली आणि वाकून आत धरली. उजेड बारकूच्या डोळ्यांत आला.

"दिसतंय का?" काकांनी विचारलं. त्यांचा आवाज फार लहान झाला होता.

"काका," बारकू म्हणाला, आणि हा आवाज आपला नाही हे त्याच्या लगेच लक्षात आलं, पण तोवर उशीर झाला होता, "हात जिथे आहे तिथे धरा. तुम्ही बघताय तिथे नको."

शेजारी आडवे पडलेले आप्पा अंधारातच समाधानाने खाकरले.